सांघिक आणि पौद्गलिक : विनयातील सामाईक वस्तूंचा विचार

चुल्लवग्गाच्या सहाव्या स्कंधकाला सेनासनक्खन्धक असे नाव आहे. सेनासन म्हणजे शयन आणि आसन. व्यापक अर्थाने राहण्याची जागा व तेथील सामानसुमान. पालीचे विद्यार्थी या स्कंधकापाशी आले की त्यांचा उत्साह काहीसा ओसरतो, असा आमचा अनुभव आहे. सुत्तपिटकातील गंभीर संवाद वाचून झाल्यावर येथे त्यांच्यापुढे खाटा, पाट, गाद्या, उशा, तांब्यालोखंडाची भांडी, कुऱ्हाडी, कुदळी, वेली, बांबू आणि माती अशी यादी येते. धर्मग्रंथात कुदळीचे काय काम, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने आम्हांला सरळच विचारला होता. प्रश्न वाजवी होता. त्याचे उत्तर त्या वेळी आम्ही घाईघाईने दिले. ते आज सविस्तर मांडावे असे वाटते.

ही यादी पाच गटांची आहे. पहिल्या गटात आराम व आरामाची जमीन; दुसऱ्यात विहार व विहाराची जमीन; तिसऱ्यात मंच, पीठ, गादी आणि उशी; चौथ्यात धातूचे हंडे, घागरी, कढया, तसेच वाकस, कुऱ्हाड, कुदळ, पहार यांसारखी हत्यारे; पाचव्यात वेली, बांबू, मुंज, गवत, माती, लाकडी व मातीचे सामान. या पाचही गटांतील वस्तूंना दोन विशेषणे लावलेली आहेत : अविस्सज्जिय, म्हणजे कोणालाही देऊन टाकता न येणाऱ्या, आणि अवेभंगिय, म्हणजे वाटून घेता न येणाऱ्या. जमिनीपासून मुठभर मातीपर्यंत जे जे संघाचे आहे ते एकाच नियमाच्या छत्राखाली आणलेले आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. मोठी मालमत्ता जपायची आणि किरकोळ सामान ज्याला हवे त्याने न्यायचे, असा भेद येथे नाही.

हे नियम कोणत्या प्रसंगांतून निर्माण झाले हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. एका ग्रामीण आवासात राहणारे भिक्खू येणाऱ्या-जाणाऱ्या भिक्खूंची व्यवस्था करून करून त्रासले होते. रोज कोणी तरी नवा यावा आणि त्याच्यासाठी खाट, गादी मांडावी लागावी. त्यांनी युक्ती काढली. संघाचे सर्व सेनासन आपल्यापैकी एका भिक्खूच्या नावे करून टाकले. आता ते संघाचे उरले नाही, त्या एकाचे झाले. आणि आपण त्या एकाच्या परवानगीने ते वापरू. पाहुणे आले की सांगायचे, येथे संघाचे असे काहीच नाही! दुसरा प्रसंग कीटागिरीचा. तेथील अस्सजी आणि पुनब्बसू यांच्या अनुयायांना कळले की भगवान बुद्ध मोठ्या भिक्खुसंघासह येत आहेत व त्यांच्यासमवेत सारिपुत्त आणि मोग्गल्लान आहेत. या दोघांना येथे जागा मिळू नये म्हणून त्यांनी संघाचे सर्व सेनासन आपापसांत वाटून घेतले. भगवंतांसाठी मात्र जागा देण्याची त्यांची तयारी होती.

हे दोन प्रसंग वाचताना अडीच हजार वर्षांचे अंतर जाणवत नाही. पहिल्या प्रसंगात आळस आहे, दुसऱ्यात द्वेष. परंतु साधन एकच : जे सर्वांचे आहे ते काहींचे करून टाकणे. दोन्ही ठिकाणी हे काम कोणा चोराने रात्री केलेले नाही. तेथे राहणाऱ्या भिक्खूंनी एकमताने, जणू ठराव करून केलेले आहे. म्हणूनच विनयाचा निर्णय फार महत्त्वाचा ठरतो. या वस्तू संघाने देता कामा नयेत, गणाने देता कामा नयेत, व्यक्तीने देता कामा नयेत. आणि दिल्या तरी त्या दिल्या गेल्या असे होत नाही. देणाऱ्यावर थुल्लच्चय आपत्ती येते, म्हणजे गंभीर दोष लागतो.

येथे विनयाने केलेला एक सूक्ष्म भेद समजून घेतला पाहिजे. ज्या संघाच्या नावे ही मालमत्ता आहे तो संघ कोण? त्या आवासात हजर असलेले दहा-वीस भिक्खू म्हणजे सम्मुखीभूत संघ. पण विहारदानाच्या वेळी दाता जे शब्द उच्चारतो त्यांत आगत आणि अनागत अशा चातुद्दिस संघाचा उल्लेख असतो. आलेले आणि अद्याप न आलेले, चारही दिशांचे. राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभारले तेव्हा त्याने ते कोणा आचार्याच्या हाती सोपवले नाहीत. या आगतानागत चातुद्दिस संघास दिले. अनाथपिंडिकाचे जेतवनही तसेच. म्हणजे मालकांपैकी बहुसंख्य मालक अजून आलेलेच नाहीत. कोणी दूर दक्षिणापथात आहे, कोणी अजून प्रव्रज्या घेतलेली नाही, कोणी जन्मालाही यावयाचा आहे. हजर असलेल्यांनी कितीही एकमत केले तरी या गैरहजर मालकांची संमती त्यांना मिळवता येत नाही. त्यामुळे एकमताचा ठरावही अशा मालमत्तेपुढे निष्फळ ठरतो. संघाचा कारभार एरवी ज्या बहुमताच्या आणि ञत्तिकम्माच्या पद्धतीने चालत असे, त्या पद्धतीलाही येथे मर्यादा घातली गेली आहे. संघाच्या लोकशाहीचे आपण नेहमी कौतुक करतो. तिच्या या मर्यादेकडे मात्र आमच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते.

याचा अर्थ विनयाला खाजगी वस्तू मान्यच नव्हत्या असा नाही. पुग्गलिक, म्हणजे पौद्गलिक, व्यक्तीच्या मालकीचे, हा शब्द विनयात पदोपदी येतो. भिक्खूचे पात्र आणि चीवर त्याचे स्वतःचे असते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात भिक्खूच्या मालकीच्या आठच वस्तू सांगितल्या आहेत : तीन चीवरे, कंबरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके. सोने-रुपे स्वीकारण्यास भिक्खूला मनाई होती, हेही त्यांनी तेथे नोंदवले आहे. हा निबंध त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. शासनाच्या ग्रंथमालेतील तिसऱ्या खंडात तो १९८७ साली आला. नियम म्हणून बाबासाहेबांनी सांगितले ते यथार्थ आहे. इतिहास म्हणून मात्र आपल्याला आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. महावग्गाच्या चीवरक्खन्धकात एक भिक्खू मरण पावल्याची हकीकत आहे आणि तो बहुभांडो, बहुपरिक्खारो, म्हणजे पुष्कळ सामान असलेला होता असे म्हटले आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणारे म्हणून भिक्खू आणि भिक्खुणीही येतात. ज्याच्यापाशी काही नाही तो लेणे कोरण्यास दान कसे देणार? तेव्हा आदर्श आणि व्यवहार यांत अंतर होते, आणि विनयाचे निर्माते ते अंतर जाणून होते. जाणून होते म्हणूनच त्यांनी मेलेल्या भिक्खूच्या सामानाची विल्हेवाट लावण्याचा नियम केला.

तो नियम ज्या प्रसंगाला जोडलेला आहे तो आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता; तो संघाच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याची सेवा करीत नव्हते. भगवंतांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर निजवले, आणि जो माझी सेवा करू इच्छितो त्याने रुग्णाची सेवा करावी, अशा आशयाचा उपदेश केला. हा प्रसंग आपल्या प्रवचनांतून वारंवार सांगितला जातो. पण प्रवचनकार येथेच थांबतात. मूळ ग्रंथ थांबत नाही. लगेच पुढे येते ते असे : रुग्ण मरण पावला तर त्याचे पात्र-चीवर शुश्रूषा करणाऱ्यास द्यावे. हलके सामान, लहुभांड, हजर असलेल्या संघाने वाटून घ्यावे. जड सामान, गरुभांड, हे मात्र आगतानागत चातुद्दिस संघाचे. ते देऊन टाकता येणार नाही, वाटता येणार नाही. करुणेच्या उपदेशाला लागूनच वारसाहक्काचा कायदा आला आहे. मृताचे नातेवाईक, त्याचे शिष्य, त्याची जात, यांपैकी कोणालाही येथे वारस मानलेले नाही. वारस ठरला तो मळ धुणारा.

दैनंदिन वापराचे नियम तर फारच बारीक आहेत. संघाची खाट किंवा पाट उघड्यावर मांडून तसेच सोडून निघून जाणे हा पाचित्तिय दोष आहे. आपण केलेली मांडणी स्वतः आवरली पाहिजे, किंवा दुसऱ्याकडून आवरून घेतली पाहिजे, किंवा निदान सांगून तरी गेले पाहिजे. संघाला मिळणार असलेला लाभ जाणूनबुजून स्वतःकडे वळवणे हा निस्सग्गिय, आणि दुसऱ्या व्यक्तीकडे वळवणे हा पाचित्तिय. उपनंद शाक्यपुत्त नावाचा भिक्खू सावत्थीत एक जागा धरून ठेवी आणि दुसऱ्या गावच्या आवासात आणखी एक. त्यावरून एकाने दोन जागा अडवू नयेत असा नियम झाला. कोठाराची देखरेख करणारा भांडागारिक, चीवर वाटणारा, निवास नेमून देणारा, असे अधिकारी संघाने निवडावेत आणि ते छंद, द्वेष, मोह आणि भय या चार कारणांनी पक्षपात न करणारे असावेत, असे सांगितले आहे. चौथे कारण, भय, हे येथे का यावे याचा उलगडा ज्यांनी एखाद्या सार्वजनिक संस्थेच्या कोठीची किल्ली सांभाळली आहे त्यांना सहज होईल.

शौचकूपाचा नियम आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. संघात वंदन, आसन, अग्रोदक हे सर्व ज्येष्ठतेने ठरत असे. उत्तम आसन कोणाला, असा प्रश्न भगवंतांनी केला तेव्हा काही भिक्खूंनी क्षत्रिय कुळातून आलेल्याला, काहींनी ब्राह्मण कुळातून आलेल्याला असे उत्तर दिले होते. ती सारी उत्तरे बाजूला सारून उपसंपदेची ज्येष्ठता हा निकष ठरला. पण वच्चकुटीत, म्हणजे शौचकूपातही भिक्खू ज्येष्ठतेनेच जाऊ लागले. तरुण भिक्खू आधी येऊन ताटकळत उभे राहत आणि वेग आवरून धरल्याने मूर्च्छा येऊन पडत. तेव्हा भगवंतांनी येथे ज्येष्ठता रद्द केली. जो आधी येईल तो आधी जाईल. जन्माचा मान तर नाहीच, पण ज्या ठिकाणी देहाची गरज सर्वांची सारखी आहे तेथे रास्त मार्गाने मिळालेला मानही चालणार नाही. सार्वजनिक सोयीचे याहून स्पष्ट तत्त्व प्राचीन भारतीय वाङ्मयात आम्हांला दुसरीकडे आढळलेले नाही.

आणि जेथे नियमही लागत नाही असे एक चित्र आहे. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे एकत्र राहत. भिक्षेहून जो आधी परते तो आसने मांडी, पाणी ठेवी. जो शेवटी येई तो आवरासावर करी. पाण्याचा घडा रिकामा दिसला की ज्याला दिसे तो भरी. एकट्याला उचलेना तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावी, आणि त्यासाठी मौन मोडत नसे. तिघांच्या वस्तीत हे शक्य झाले. तीनशेंच्या वस्तीत भांडागारिक लागतो.

हा सर्व विचार ग्रंथातच राहिला की भूमीवर उतरला, हे पाहावयाचे तर आपल्या महाराष्ट्रातील लेण्यांकडे वळले पाहिजे. कान्हेरीस जाणारा पर्यटक चैत्यगृह आणि मूर्ती पाहून परततो. त्याने लेण्यांच्या दारांशी कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांकडे पाहिले पाहिजे. शिलालेखांत त्यांना पोढी किंवा पानियपोढी म्हटले आहे. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी पन्हाळींनी या टाक्यांत आणून वर्षभर पुरवावयाचे, अशी ती योजना. ही टाकी दान देणाऱ्यांत कल्याणचा एक सोनार आहे. जुन्नर येथे धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली आहे. कुडे येथे माळी आणि लोखंडाचा व्यापारी दाते म्हणून येतात. नाव कोरले जाते दात्याचे. वस्तू मात्र देयधम्म, म्हणजे देऊन टाकलेली. (आपल्या विहारांतील पंख्यांच्या पात्यांवर आणि खुर्च्यांच्या पाठींवर नावे रंगवण्याची हौस पाहून नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. आम्हांला ती परंपरा बरीच जुनी दिसते.)

नाशिकच्या दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख तर हिशेबाचा उत्तम नमुना आहे. वर्ष ४२ मध्ये त्याने चातुर्दिश संघास लेणे दिले आणि ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत द्यावयाची नाही. केवळ व्याजाचा उपभोग. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणांचे चीवर द्यावयाचे. वाचकांनी गुणाकार करून पाहावा : २००० वर दरमहा २०, वर्षाचे २४०, आणि वीस भिक्खूंचे बारा प्रमाणे २४०. हिशेब तंतोतंत जुळतो. हे सर्व निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवले असेही लेखात म्हटले आहे. दान गुप्त असावे अशी एक समजूत आपल्याकडे आहे. खाजगी दानास ती शोभेल. सामाईक निधीची मात्र जाहीर वाचना आणि लेखी नोंद हवी, हे दुसऱ्या शतकातील नाशिकच्या लोकांना ठाऊक होते. याच उषवदाताने डहाणू, दमण, पारडी आणि तापी या परिसरांतील नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, काठांवर सभागृहे आणि पाणपोया बांधल्या. त्याने ब्राह्मणांना गाई आणि गावेही दान दिली. तेव्हा त्याला केवळ बौद्ध दाता म्हणून सजवण्याचे कारण नाही. नदी उतरणाऱ्याची जात विचारा, असे मात्र त्याच्या लेखात कोठेही नाही.

गृहस्थांच्या सामाईक कार्याची कथा हवी तर कुलावक जातकातील मघाची आहे. मगधातील मचल गावात मघाने आणि त्याच्या तीस सोबत्यांनी रस्ते साफ केले, खड्डे बुजवले, पूल बांधले, तळे खणले, सभागृह उभारले. लोक दारू व भांडणे सोडू लागले. तेव्हा दारू आणि दंड यांवर जगणाऱ्या गावप्रमुखाचे उत्पन्न बुडाले आणि त्याने राजाकडे जाऊन हे लोक दरोडेखोर आहेत अशी चहाडी केली. सार्वजनिक कामाला विरोध कोठून येतो हे जातककाराने नेमके ओळखले आहे. परंतु त्याच कथेत दुसरा एक धागा आहे. या सज्जन मंडळींनी सभागृहाच्या पुण्यकार्यात स्त्रियांना वाटाच ठेवला नव्हता. सुधम्मा नावाच्या स्त्रीने सुताराशी संधान बांधून शिखराची कर्णिका आपल्या नावे आधीच करवून ठेवली. कर्णिका इतरत्र मिळेना, आणि सुधम्मेला वाटा दिल्यावाचून इमारत पुरी होईना. तीस पुरुषांना आपली चूक कळण्यासाठी छप्पर अडावे लागले. सर्वांसाठी काम करणाऱ्यांच्या डोळ्यांनाही ‘सर्व’ किती अपुरे दिसतात, हे कथेने लपवलेले नाही.

आता महाडकडे येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पैशाने बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सर्वांचे झाले. पाण्याला हात कोणी लावू शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्यांच्यामागे हजारोंनी केले. त्यानंतर काय घडले हे येथे सांगावयास नको. आम्हांला लक्ष वेधावयाचे आहे ते पुढील दोन घटनांकडे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. आणि डिसेंबरात सत्याग्रह परिषदेच्या तोंडावर स्पृश्यांच्या वतीने दिवाणी दावा दाखल झाला. त्या दाव्यात म्हणणे काय होते? तळे ही स्पृश्यवर्गाच्या खाजगी मालकीची मिळकत आहे.

कीटागिरीची आठवण येथे अपरिहार्यपणे होते. ज्या तळ्यावर मुसलमान पाणी भरत, गुरे पाणी पीत, ते तळे अस्पृश्य येताच खाजगी झाले. सारिपुत्त आणि मोग्गल्लान येत आहेत असे कळताच सेनासनही असेच खाजगी झाले होते. चवदार तळे कोणी विकत घेतले नव्हते, कोणी खणले ते कोणी सांगू शकत नव्हते. एका समूहाला दूर ठेवावयाचे एवढ्याच कारणाने मालकी निर्माण करण्यात आली. खाजगी मालमत्ता आणि बहिष्कार यांचा संबंध आपण बहुधा असा लावतो की ज्याची वस्तू तो दुसऱ्याला मनाई करतो. महाडला क्रम उलटा होता. मनाई आधी, मालकी नंतर. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी हा दावा अखेर फेटाळला; अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध झाली नाही. घोटभर पाण्याचा निकाल लागण्यास प्राशनापासून दहा वर्षे लागली.

दोन्ही प्रसंगांतील एक फरकही नोंदवला पाहिजे, नाही तर तुलना भाबडी ठरेल. विनयाचा चातुद्दिस संघ कितीही विशाल असला तरी तो प्रव्रजितांचा संघ आहे; तेथील सामाईकपणाला उपसंपदेचे दार आहे. महाडचा सार्वजनिकपणा नागरिकत्वाचा होता, त्याला दार नव्हते. बाबासाहेबांनी विनयातून तळ्याचा हक्क काढला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९२७ साली त्यांचा आधार कायदा आणि मानवी समता हाच होता. पण दार जातीने बंद करावयाचे नाही, एवढ्या एका मुद्द्यावर दोन्ही परंपरा एकत्र येतात, आणि ते पुरेसे आहे.

हे सर्व लिहिण्यास निमित्त झाले ते एका साध्या गोष्टीचे. काही वर्षांपूर्वी एका वस्तीच्या विहारात वर्षावासातील प्रवचनांसाठी जाण्याचा आम्हांला योग आला. विहार लहान, पण नीटनेटका. तेथे हंड्या-पातेल्यांवरून मोठा वाद चालू होता. वस्तीने वर्गणी काढून मोठी पातेली, पराती, डाव, पाण्याचे पिंप असे सामान घेतले होते. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन कोणाकडेही असो, ते तेथून जाई. पुढे जागेच्या अडचणीमुळे ते एका कार्यकर्त्याच्या घरी ठेवले गेले. कार्यकर्ता मनाने चांगला होता. पण हळूहळू लोक ‘विहाराची भांडी’ ऐवजी ‘त्यांची भांडी’ म्हणू लागले. मग ज्यांच्याशी त्यांचे पटत नसे ते मागायला जाईनासे झाले. आणि एका कुटुंबाने लेकीच्या लग्नासाठी भाड्याने भांडी आणली तेव्हा गोष्ट उघड झाली. त्या कुटुंबाची वर्गणी त्या भांड्यांत होती. बैठकीत एक तरुण संतापून म्हणाला की, विकून टाका आणि घरटी पैसे वाटा, म्हणजे कटकट मिटेल. कित्येकांनी माना डोलावल्या. हे ऐकून आम्हांला पालीतील लोहकुंभी आठवली नसती तरच नवल. तीही याच यादीत, चौथ्या गटात, बसलेली आहे.

आम्ही त्या रात्री प्रवचनाचा ठरलेला विषय बाजूला ठेवून सेनासनक्खन्धकातील आणखी एक हकीकत सांगितली. एका उपासकाने विहारासाठी दिलेले सामान भिक्खू दुसरीकडे नेऊन वापरू लागले. तो उपासक कुरकुरला. तेव्हा, एका जागी वापरावयाचे सामान दुसरीकडे वापरू नये असा नियम झाला. नियम होताच भिक्खू इतके बिचकले की, उपोसथागारातही आसने नेईनात. उघड्या जमिनीवर बसू लागले, अंगे आणि चीवरे धुळीने माखली. मग तात्पुरते नेण्यास अनुमती मिळाली. पालीत शब्द आहे तावकालिक. पुढे एक मोठा विहार कोसळू लागला, आणि सामान हलवले तर दोष लागेल या भीतीने भिक्खू ते आतच राहू देऊ लागले. तेव्हा सुरक्षिततेसाठी हलवण्यास अनुमती आली. संघाला एक मौल्यवान कांबळे मिळाले तेव्हा संघाच्या वाढीसाठी ते बदलून दुसरी उपयुक्त वस्तू घेण्यासही अनुमती आली. म्हणजे नियम ताठर नव्हता. वस्तू हलू शकते, बदलली जाऊ शकते, आपत्तीत दुसरीकडे ठेवता येते. पण ज्यांची आहे त्यांची ती राहिली पाहिजे. आणि जीर्ण झाली तरी तिची जबाबदारी सुटत नाही. आनंदाने राजा उदेनाला चीवरांचा हिशेब दिला तो प्रसिद्धच आहे : जुन्या चीवरांचे पलंगपोस, त्यांची गादीची खोळ, तिची बैठक, तिचे पायपुसणे, त्याचे फडके, आणि शेवटी फडक्याच्या चिंध्या कुटून चिखलात मिसळून जमीन सारवावयाची.

प्रवचनानंतर एका वयस्क बाईंनी प्रश्न विचारला. भांडी घासायला आम्ही, आणि ती कोणाकडे ठेवायची हे ठरवायला तुम्ही पुरुष, हे तुमच्या पोथीत बसते का? आम्हांला मघाच्या सभागृहाची गोष्ट सांगावी लागली. ऐकून त्या म्हणाल्या, मग आम्हांला कर्णिका नको, किल्ली द्या.

विहाराची नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणून झालेली होती. १९५० च्या न्यास कायद्यान्वये विहाराची जमीन वा इमारत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकता येत नाही, हे विश्वस्तांना ठाऊक होते. आराम आणि विहार हे यादीतील पहिले दोन गट त्यामुळे बहुतांशी सुरक्षित आहेत. पातेल्यांकडे पाहायला मात्र कोणी आयुक्त येत नाही. ती वस्तीनेच पाहावयाची. दुसऱ्या आठवड्यात विहाराच्या मागच्या बाजूस पत्र्याची खोली उभी राहिली, कार्यकर्त्याने स्वतःच सामान आणून दिले, आणि किल्ली महिला मंडळाकडे गेली. एक वही घालण्यात आली : वस्तू, नेणाऱ्याचे नाव, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. तिच्या पहिल्या पानावर कोणी तरी हौसेने ‘तावकालिक’ हा शब्द लिहून ठेवला होता, शुद्धलेखनाच्या एका चुकीसह. ती आम्ही दुरुस्त केली नाही. पुढल्या वर्षी गेलो तेव्हा वही पाहिली. बहुतेक सर्व नोंदींपुढे परतीची तारीख होती. एक परात आणि दोन डाव अद्याप यावयाचे होते, आणि ते कोणाकडे आहेत हे वहीत लिहिलेले होते.